आठ वर्षं, चार महिने

"आबा, पंधरा वर्षं भरत नाहीत."

कल्याण संघटक हे आता जरा मोठ्यानं म्हणतात, कारण टेबलापलीकडच्या म्हाताऱ्यानं उजवा कान पुढं केला आहे. डाव्या कानाचं काय झालं ते त्यांनी खुर्चीत टेकता टेकताच सांगून टाकलेलं आहे : "ह्यो जमालपूरला ऱ्हायला." सांगण्यात तक्रार नाही. छत्री एस्टीत राहिली असं कुणी सांगावं, तसं.

नोव्हेंबर 2025. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची लांबट खोली सकाळपासून भरलेली आहे, कारण हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्त सैनिकानं आणि सैनिकाच्या विधवेनं आपण अजून आहोत हे सरकारला वर्षातून एकदा कळवायचं असतं. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर सही केली की भागायचं. आता पेन्शन 'स्पर्श' नावाच्या संगणकी व्यवस्थेतून निघते, आणि दाखला मोबाइलपुढं चेहरा धरून होतो. पेन्शनचा सगळा कारभार प्रयागराजला. त्या शहराचं नाव बदलून काही वर्षं झाली, पण या खोलीत अजून 'इलाहाबाद'च चालतं. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, इलाहाबादहून येतो, पैसे इलाहाबादहून पडतात, चौकशी इलाहाबादला करायची.

मी मावशीला घेऊन आलो आहे. कोपऱ्यातला पोरगा तिच्यापुढं मोबाइल धरून "आजी, डोळे मिचकवा की एकदा," असं विनवतो आहे. मावशी चारचौघांत परक्या पोराकडं बघून डोळे मिचकवायला तयार नाही. ती पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडं टक लावून बघते. पोरगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. हे आवरेपर्यंत मला उठता येत नाही, आणि माझी खुर्ची कल्याण संघटकांच्या टेबलाला चिकटून आहे.

म्हातारा माणदेशातला. धोतर, मांजरपाटाचा सदरा, टोपी, आणि पायात लेस घट्ट बांधलेले काळे बूट. मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा नातू उभा आहे. खुर्ची रिकामी असूनही उभा आहे.

पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट निघतं. पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून रुमाल, रुमालातून डिस्चार्ज बुक. पाठ उसवली म्हणून कुणीतरी ते पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं आहे. कल्याण संघटक ते दोन्ही हातांत घेतात. दिवसभर ते कागद ज्या वेगानं उलटत असतात, तो वेग इथं बसत नाही. ते स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी नोंदी मराठी करत मोठ्यानं वाचतात.

"भरती 9 जानेवारी 1965, बेळगाव. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण, डाव्या पोटरीवर व्रण."

"कुऱ्हाड लागली हुती. भरतीच्या आदी."

"पलटण, फर्स्ट मराठा."

"जंगी पल्टन," आबा दुरुस्त करतात.

"जंगी पलटण. डिस्चार्ज 8 मे 1973. म्हणजे सर्व्हिस आठ वर्षं, चार महिने. चारित्र्य, एक्झेम्प्लरी. म्हणजे सगळ्यात वरचं, आबा. मेडिकल कॅटेगरी, ए."

"ए म्हंजी?"

"एकदम फिट."

"कान?"

कल्याण संघटक पान मागं-पुढं करतात. कानाची नोंद नाही. दवाखान्यात दाखल झाल्याची नाही, मेडिकल बोर्डाची नाही. अपंगत्वाची पेन्शन हवी, तर इजा नोकरीमुळं झाली हे कागदानं सांगावं लागतं. आणि हा कागद सांगतो की 1973 च्या मे महिन्यात हा शिपाई दोन्ही कानांनी धडधाकट घरी गेला.

"तवा सांगितलं न्हाई का कुनाला?"

विचारणारा नातू आहे. बहुधा पहिल्यांदाच विचारतो आहे.

"कुनाला सांगायचं? शेजारी हुता त्येचा हात गेला. त्येच्यापुढं म्या कान दावू व्हय?"

बुकातल्या ज्या ओळीवर सगळं अडलं आहे, ती डिस्चार्जच्या कारणाची. 'स्वतःच्या विनंतीवरून.' कल्याण संघटक ती वाचतात, मग बोट तिथंच ठेवून वर बघतात.

"नोकरी तुम्हीच सोडली, असं लिहिलंय आबा."

"सोडली की. बाऽचं पत्र आलं. हिरीला खडक लागला, बैलं छावनीत न्हेली, धाकला खडी फोडाय जातोय, तू ये. सायेब म्हनला, जाऊ नगं, नाईक करतो. म्या म्हनलं, सायेब, माज्या घरात मिलो खात्यात."

1972 च्या दुष्काळाचं महाराष्ट्रात खूप लिहून झालं आहे. रोजगार हमी त्यातून आली, सुकडी आणि मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, हे शब्द आमच्या आयांच्या तोंडी त्यातून आले. पण त्या दुष्काळानं पलटणींतून किती माणसं परत बोलावली, याकडं माझं तरी कधी लक्ष गेलं नव्हतं. पगार पाठवणारा मुलगा जितका हवा होता, तितकाच बैल सांभाळणाराही हवा होता, आणि बापानं हिशेब करून दुसरा मागितला. आबांना तेव्हा सर्व्हिस ग्रॅच्युइटी म्हणून जी रक्कम मिळाली ती त्यांच्या शब्दांत "कडब्यात गेली."

नियम साधा आहे. शिपायाला पेन्शन हवी तर पंधरा वर्षं. त्या काळी भरती होताना काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि पुढची काही राखीव दलात, असा करार असायचा. दोन्ही मिळून पंधरा भरली तरी रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळते. शेजारच्या गावातल्या ज्या एकाला "चालू झाली" म्हणून आबा आज इथं आले आहेत, त्यानं राखीव दलातली वर्षं पुरी केली असणार, असं कल्याण संघटक समजावतात. आबांनी विनंती करून नाव कापून घेतलं, तिथं राखीवही तुटलं. सहा वर्षं आठ महिने कमी पडतात.

नियमाला मी वाईट म्हणणार नाही. रेघ कुठंतरी मारावीच लागते, आणि वर्षं मोजता येतात. अडचण एवढीच, की वर्षं मोजणाऱ्या तागडीत एखादी रात्र टाकायची सोय नसते.

आबा आता दुसरा रुमाल सोडताहेत. त्यात पूर्वी स्टार आहे, 1971 मध्ये पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेला. फीत विटून तिचे रंग एकमेकांत गेले आहेत. "ह्ये बगा. ह्येच्यावं नंबर हाय."

आपल्याकडं पदकावर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरतात. कल्याण संघटक ड्रॉवरमधून भिंग काढतात, खिडकीकडं वळून पदक हळूहळू फिरवतात, आणि बुकातला नंबर ताडून बघतात. आकडा न् आकडा जुळतो. नाव मात्र आधार कार्डाशी जुळत नाही; इंग्रजी आडनावात एक अक्षर जास्त आहे. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र लागेल.

"जमालपूरला काय झालं हो आबा?" मी विचारतो. विचारायचा माझा काही अधिकार नाही, पण मावशी अजून डोळे मिचकवत नाही.

पुस्तकांतून मला थोडं ठाऊक आहे. ब्रह्मपुत्रेच्या काठचं जमालपूर हा ढाक्याच्या वाटेवरचा मोठा अडसर होता. तिथं पाकिस्तानची 31 बलुच पलटण खंदक करून बसली होती. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालची फर्स्ट मराठा नदी ओलांडून शहराच्या मागं गेली आणि तिनं दक्षिणेकडं जाणारा रस्ता अडवला. भारताच्या बाजूनं ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण यायचं पत्र पाठवलं, तर पलीकडच्या कर्नलानं उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री बलुच त्या रस्त्यानं बाहेर पडायला बघत होते आणि मराठे रस्त्यावर होते. सकाळी जमालपूर पडलं. पुढं टांगाइलजवळच्या पुंगलीच्या पुलावर ही पलटण विमानांतून उतरलेल्या सेकंड पॅराला जाऊन मिळाली, आणि 16 तारखेला ढाका.

आबांची लढाई याहून बरीच लहान आहे.

"भाताचं रान हुतं. कापल्यालं. थंडी लई. आमी बांदाच्या आडाला. हुकूम असा का, जवळ येऊस्तवर कुनी फायर करायचा न्हाई. त्ये आलं. वळीनं आलं, रस्त्यानं. बोलत आलं. मला त्येंचं बोलनं ऐकू येत हुतं." ते उजव्या कानाला हात लावतात, मग डाव्याला. "ह्येनं ऐकल्यालं त्येच शेवटचं."

"मग?"

"मग काय. झालं की."

एवढंच. आणखी काही निघेल म्हणून आम्ही तिघं थांबतो, पण आबा पदक पुन्हा रुमालात बांधायच्या कामाला लागले आहेत. गाठ मारून झाल्यावर ते भिंतीकडं बोट दाखवतात. तिथं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचा फोटो आहे. 1945 साली इटलीत सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आलेले ते. "ह्योबी आमच्याच पल्टनीचा," आबा नातवाला सांगतात. हे मात्र त्यांना जमालपूरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कल्याण संघटक डिस्चार्ज बुक मिटतात. थोडं पुढं वाकून, हलक्या आवाजात म्हणतात, "आबा, माझी चोवीस वर्षं झाली. एकदाही लढाई बघितली नाही."

"काय?"

"म्हटलं, मी चोवीस वर्षं नोकरी केली."

"बरं."

"पण युद्ध नाही बघितलं."

"काय न्हाई बगितलं?"

"युद्ध! लढाई! कारगिलच्या वेळीसुद्धा आमची पलटण खाली होती. आणि पेन्शन मला आहे!"

शेवटचं वाक्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. फॉर्म भरणारे दोन माजी सुभेदार मान वर करतात. शिक्के मारणारी बाई थांबते. कल्याण संघटकांचा चेहरा लाल झाला आहे. जे कानात सांगायचं होतं ते परेड ग्राउंडच्या आवाजात सांगून झालं.

आबांनी मात्र ते वेगळंच धरलं आहे. ते खूश दिसतात.

"मग बरं झालं की रं! पोरंबाळं सुकात ऱ्हायली तुजी."

दोघांपैकी एक सुभेदार मोठ्यानं हसतो आणि खोली पुन्हा चालू होते. कल्याण संघटक पाण्याची बाटली तोंडाला लावतात, मग ड्रॉवर उघडून एक छापील कागद काढतात. पेन्शन नाही तर नाही, दुसरी वाट आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट. हवालदार आणि त्याखालचे, पेन्शन नसलेले, पासष्टीच्या पुढचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी. कालपरवापर्यंत महिना 4,000 होती, या 1 नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना 8,000 केली आहे. अर्ज ऑनलाइन, इथूनच भरून देतो, साहेब शिफारस करतात.

"आठ हजार? मग ह्ये पेन्शनच की."

"पेन्शन नाही आबा, मदत. ध्वजदिन निधीतून."

"कसला निधी?"

"7 डिसेंबरला शाळेत, कचेरीत छोटे झेंडे देतात बघा, छातीला लावायला. त्याचे पैसे."

नातू पहिल्यांदाच हसतो. "आबा, म्या शाळंत दर साली दिल्यात पाच-पाच रुपये."

"म्हंजी तू दिल्याले मला माघारी मिळनार?" आबा हा व्यवहार मनात तपासून बघतात. वाईट नाही, असं चेहरा म्हणतो. मग त्यांना काहीतरी खटकतं. "आन् शिफारस कशाची?"

"घरची परिस्थिती बघून. उत्पन्न काही नाही, गरज आहे, असं."

"गरज हाय म्हनून कुनी सांगितलं? पोराचा ट्रॅक्टर हाय. दोन म्हसी हायत. एक आत्ता व्यालीया."

कल्याण संघटक पेन खाली ठेवतात. "आबा, म्हशींचं मला सांगू नका."

"का? चोरीच्या हायत का?"

"ट्रॅक्टर कुणाच्या नावावर?"

"पोराच्या. हप्ते चालू हायत."

"म्हशी?"

"सुनंच्या म्हना."

"मग तुमच्या नावावर काय?"

आबा विचार करतात. जमीन तीन वाट्यांत गेली. घर थोरल्याच्या नावावर. विहिरीत हिस्सा आहे, पण विहिरीला पाणी नाही. हे सगळं ते सरळ सांगत जातात, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात येत जातं की हा गडी आपल्याकडून काय वदवून घेतो आहे. त्यांची मान ताठ होते. "म्या गरीब हाय असं लिवायचं आन् त्येच्याखाली अंगठा करायचा, असं म्हनतूयास तू."

"सही येते की तुम्हाला."

"सही येती म्हनून तर म्हनतूय."

मला वाटतं, या योजनेवर इतका नेमका आक्षेप मंत्रालयातही कुणी घेतला नसेल. रक्कम दुप्पट झाली हे चांगलंच आहे. माणदेशातल्या घरात महिन्याला 8,000 म्हणजे औषधं, चहा-साखर आणि नातवंडांच्या हातावर ठेवायला काहीतरी. पण पेन्शन मागणारा सांगतो की मी काय केलं, आणि ग्रँट मागणाऱ्याला सांगावं लागतं की माझ्याजवळ काय नाही. आबा पहिलं सांगायची तयारी करून, पदक रुमालात बांधून, पहाटेच्या एस्टीनं आले आहेत. दुसऱ्याची तयारी त्यांनी केलेलीच नाही.

कल्याण संघटक घाई करत नाहीत. ते नातवाकडं वळतात. "तू काय करतोस रे?"

"भरतीची तयारी. अग्निवीर. सोळाशे मीटर पाच-वीसमध्ये बसतंय आता."

"चांगलं आहे. छाती?"

"फुगवून पाच येती."

"ह्येला मिळंल का पेन्शन?" आबा मध्येच विचारतात.

खोलीत हा प्रश्न कुणी कधी विचारला नसेल असं नाही, पण कल्याण संघटक उत्तर जपून देतात. चार वर्षांची भरती. चार वर्षांनी चारांतला एक कायम राहू शकतो. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम, साधारण पावणेबारा लाख. पेन्शन नाही.

"किती वरसं म्हनलास?"

"चार."

आबा बोटांवर काहीतरी मोजतात, मग नातवाकडं बघतात. "म्हंजी माज्या निम्म्यात. आन् तरी जातूयास?"

नातू काही बोलत नाही. तो फोन काढतो, भरती मेळाव्याच्या तारखा आल्या आहेत का बघतो, पुन्हा खिशात ठेवतो. शेवटी म्हणतो, "तुमी बी गेलताच की."

यावर आबांजवळ उत्तर नाही. किंवा आहे, पण ते इथं द्यायचं नाही.

तिकडं मावशीचं काम झालेलं आहे. तिनं डोळे मिचकवले नाहीत. मोबाइलवर माशी बसली, तिच्या पापण्या लवल्या आणि सरकारला तेवढं पुरलं. ती येऊन माझ्यामागं उभी राहते. "चल," म्हणते, आणि मग तीही ऐकत उभी राहते. काका गेल्यापासून काकांची पेन्शन तिच्या नावानं येते. मिळते कशी, हे तिनं कधी बघितलेलं नाही.

"असं करा," आबा म्हणतात. आवाज बदललेला आहे. बाजारात बैल ठरवताना शेवटचा आकडा सांगतात, त्या आवाजात. "दोन अर्ज लिवा. येक ह्यो, मदतीचा. नातवाच्या शाळंतलं पैसं हायत, घेतो. आन् येक पेन्शनचा. बेळगावला."

"आबा, तो नामंजूर होणार."

"हू दे."

"मग कशाला?"

"नामंजूर झाला म्हनून कागद यील का न्हाई? त्येच्यावं माजा नंबर असंल का न्हाई? आठ वर्सं चार म्हैने लिवत्याल का न्हाई?"

कल्याण संघटक त्यांच्याकडं क्षणभर बघतात. मग उठतात, कपाटातून कोरा फुलस्केप काढतात, मधोमध घडी पाडून समास करतात. संगणक चालू असताना ते हातानं का लिहायला बसले, ते त्यांनाच ठाऊक. 'प्रति, रेकॉर्ड ऑफिसर, द मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव' असं लिहून खाली ओळ मारतात. विषय लिहितात. मग आबांना नंबर विचारतात, जरी बुक समोरच उघडं आहे. आबा पाठ सरळ करून नंबर म्हणतात; सात आकडे, मध्ये न थांबता, हिंदीत. रँक. नाव. पलटण. कंपनी. प्लाटून कमांडरचं नावही सांगतात. ते अर्जात लागत नाही, तरी कल्याण संघटक लिहितात.

दोन्ही कागदांवर सह्या होतात. आबांची सही मोडीच्या वळणाची, ठसठशीत. मदतीच्या कागदावर ती जरा लहान उमटली आहे, असं मला वाटतं. मावशी म्हणते, मुळीच नाही, सारखीच आहे.

"साहेब कलेक्टरांकडं ध्वजदिनाच्या बैठकीला गेलेत," कल्याण संघटक सांगतात. "ग्रँटचं सोमवारी वर जाईल. प्रतिज्ञापत्र करून नातवाच्या हाती पाठवा. तुम्ही येऊ नका उगाच. निघा आता, दीडची एस्टी मिळेल."

आबा हलत नाहीत. "आवक नंबर?"

"कसला?"

"पेन्शनच्या अर्जाचा. शिक्का आन् नंबर. झेरॉक्सवं."

कल्याण संघटक आवक-जावकच्या टेबलाकडं बघतात. खुर्ची रिकामी आहे, शिक्का कुलपात. "बाई जेवायला गेल्या. अर्धा-पाऊण तास लागेल. मी व्हॉट्सॲप करतो की नातवाला."

"जेवू द्या त्यास्नी," आबा म्हणतात आणि पिशवीतून भाकरीचं फडकं काढतात. "गाड्या हायत की. तीनची हाय, पाचची हाय."